जुन्या सर्व्हरवर स्वतःचा क्लाउड: यंत्र पारखण्यापासून बॅकअप परत आणून बघण्यापर्यंत

माझ्या धाकट्या भावाचा साताऱ्यात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. दोन कॅमेरे आणि एक व्हिडिओ मिळून एका लग्नाचा दीडशे-दोनशे जीबी डेटा होतो. हा सगळा डेटा कपाटातल्या बावीस एक्स्टर्नल हार्डडिस्कवर होता. प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी, पट्टीवर मार्करने लिहिलेली दोन आडनावं. तीन वर्षांपूर्वीच्या जोडप्याने अल्बमची दुसरी प्रत मागितली, डिस्क लावली, आतून टकटक आवाज आला आणि फोटो गेले. त्या घरी फोन मी केला होता. मुलीचे वडील मधल्या काळात वारले होते. तो फोन मी विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही जुना सर्व्हर घेऊन त्यावर स्वतःचा क्लाउड उभा केला. सगळं मिळून तीन आठवडे लागले. त्यातलं सॉफ्टवेअर बसवण्याचं काम एका संध्याकाळी उरकलं. बाकीचे दिवस यंत्र तपासण्यात आणि बॅकअप खरोखर परत येतो का हे बघण्यात गेले. या लेखातही त्याच कामांना जास्त जागा दिली आहे, कारण घोटाळे तिथेच होतात.

आधी विजेचं गणित

जुना सर्व्हर स्वस्त मिळतो, पण तो चोवीस तास वीज खातो. १५० वॅट सतत म्हणजे दिवसाला ३.६ युनिट आणि महिन्याला १०८ युनिट. घरगुती मीटरवर ही भर वरच्या टप्प्यात जाते. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचं आजचं बिल अडीचशे युनिटांचं असेल, तर सर्व्हरची निम्मीअधिक वीज तिसऱ्या टप्प्याच्या दराने पडेल. जुनं बिल समोर ठेवून हा हिशेब करा. सगळा खर्च धरून युनिटला दहा रुपये पडले, तर महिन्याचे हजारभर रुपये विजेचेच झाले.

घरातल्या दोघांचे मिळून एक टीबी फोटो असतील, तर सर्व्हर घेऊ नका. एक वापरलेला मिनी पीसी आणि दोन डिस्क पुरे, वीजही दहाव्या हिश्शात भागते. सहा-आठ डिस्क लागत असतील, चार-पाच जण रोज काम करत असतील आणि डेटा दरवर्षी टीबींनी वाढत असेल, तिथे सर्व्हर परवडतो. भावाकडे हे तिन्ही होतं.

कोणतं यंत्र घ्यावं

आम्ही डेल पॉवरएज आर७२० घेतला. ही २०१२ सालची पिढी आहे. इंटेलचे झिऑन ई५-२६०० मालिकेचे दोन प्रोसेसर बसतात, मेमरीचे २४ स्लॉट आहेत आणि ती डीडीआर३ ईसीसी मेमरी जुन्या बाजारात सहज मिळते. मेमरीतला एखादा बिट उलटला तर ईसीसी तो ओळखून दुरुस्त करते. जन्मभराचे फोटो ज्यातून जाणार, त्या यंत्रात मला ते हवंच होतं. एचपीचा प्रोलायंट डीएल३८०पी जेन८ याच काळातला, तोही चांगला.

याच्या मागच्या पिढीतला आर७१० आणखी स्वस्त मिळेल, पण घेऊ नका. त्यात बहुधा येणारं पर्क ६/आय हे रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं कार्ड, २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखतच नाही. पैसे असतील तर पुढच्या पिढीचा आर७३० घ्या. त्यात डीडीआर४ मेमरी आहे आणि प्रोसेसरला एव्हीएक्स२ सूचना कळतात. हा फरक बारीक वाटतो, पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची १०वी आवृत्ती एव्हीएक्स२ नसलेल्या प्रोसेसरवर चालतच नाही. डेबियन हे दुसरं मोफत लिनक्स मात्र आर७२० वर व्यवस्थित चालतं, आणि आपल्याला डेबियनचाच पाया हवा आहे.

दोन प्रकार दिसतील: पुढे साडेतीन इंचांच्या आठ डिस्क बसणारा, आणि अडीच इंचांच्या सोळा डिस्क बसणारा. साठवणीसाठी पहिलाच घ्या. मोठ्या क्षमतेच्या स्वस्त डिस्क साडेतीन इंचांतच मिळतात.

विकत घेताना

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. शिवाय कंपन्यांचा जुना माल उचलणारे व्यापारी गावोगावी आहेत. यंत्र दुकानात चालू करून दाखवायला सांगा. सुरू होताना पंखे विमानासारखे गरजतील. ते नेहमीचंच आहे, मिनिटाभरात आवाज खाली येतो. पुढच्या पट्टीवर नारिंगी दिवा आणि संदेश दिसला तर तो वाचून घ्या. दोन्ही पॉवर सप्लाय आळीपाळीने काढून यंत्र चालू राहतं का बघा. डिस्क सरकवायचे सगळे ट्रे आणि त्यांचे स्क्रू मोजून घ्या, नंतर सुटे मिळवताना दमछाक होते. आयड्रॅकचा, म्हणजे सर्व्हरवर दुरून ताबा देणाऱ्या आतल्या भागाचा, परवाना 'एंटरप्राइझ' आहे का ते विचारा. तो असेल तरच दुसऱ्या खोलीत बसून सर्व्हरची स्क्रीन बघता येते.

डिस्क मात्र दुकानदाराने फुकट दिल्या तरी डोळे मिटून वापरू नका. मोठ्या स्टोरेज यंत्रांतून काढलेल्या काही सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्कचा सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा, ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. लिनक्सला अशी डिस्क दिसते, पण वापरता येत नाही. ती ५१२ वर फॉरमॅट करावी लागते. एकेका डिस्कला काही तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून.

झाकण उघडा

यंत्र घरी आणलं की लगेच चालू करण्याचा मोह आवरा. झाकण उघडा, पंख्यांची पट्टी बाहेर काढा, ब्लोअरने धूळ उडवा. पंखे हाताने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते वेड्यासारखे फिरू देऊ नका. हीटसिंक उचलून बघा. दहा-बारा वर्षांची थर्मल पेस्ट खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. रेड कार्डाला जोडलेली छोटी बॅटरी फुगली असेल तर काढून टाका.

मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर२०३२, न विचारता बदला. आमच्याकडे तो बदलायचा राहिला. आठवड्याने वीज गेली, यंत्राचं घड्याळ २००८ सालात गेलं आणि फोनमधलं ॲप प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार करू लागलं. मी दोन तास नेटवर्कमध्ये शोधत बसलो. दोष निघाला किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलचा.

आता वीज वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय: एक प्रोसेसर काढून टाका. फाइल साठवणीला आठ कोअर पुष्कळ होतात. आम्ही दोन्ही काढून एकच ई५-२६५० व्ही२ ठेवला. तो आठ कोअरचा, ९५ वॅटचा आहे. रिकाम्या सॉकेटच्या पिना फार नाजूक असतात, त्यावर प्लास्टिकचं झाकण बसवा. तिथे डेलचं रिकामं आवरण मिळालं तर तेही लावा, म्हणजे हवेचा मार्ग बदलत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: दुसरा प्रोसेसर नसेल तर बी१ ते बी१२ हे मेमरी स्लॉट आणि काही पीसीआय स्लॉट बंद पडतात. सगळी मेमरी ए बाजूच्या स्लॉटांत हलवा, आधी पांढऱ्या खुणेचे भरा. चार पट्ट्या असतील तर ए१ ते ए४, म्हणजे चारही वाटा वापरल्या जातात. रजिस्टर्ड आणि साध्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत.

मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. आमच्या आठ पट्ट्यांपैकी एक पहाटे चारच्या सुमाराला लाल ओळी दाखवू लागली. ती काढली.

अर्थिंग, यूपीएस आणि जागा

सर्व्हर ठेवायचा त्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा. एक-दोन व्होल्ट ठीक. पंधरा-वीस दिसले तर आधी वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक कुठेच जोडलेलं नसतं, आणि सर्व्हरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात.

यूपीएस शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. सर्व्हरच्या पॉवर सप्लायला पायऱ्यापायऱ्यांची लाट मानवत नाही, वीज गेल्याच्या क्षणी ते बंद पडू शकतात. घरातला जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर या कामाचा नाही. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा आणि पुढे प्रॉक्समॉक्स ही सर्व्हरची मुख्य प्रणाली बसवल्यावर त्यावर 'नट' नावाची सेवा चालवा. बॅटरी संपत आली की ती यंत्र शिस्तीत बंद करते. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये 'एसी पॉवर रिकव्हरी' चालू ठेवा.

जागा कोरडी हवी. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंती पाझरतात, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर. मागच्या रिकाम्या खाचांना बारीक जाळी लावा. उबेला पाली येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आयड्रॅक, बायोस आणि रेड कार्ड

आयड्रॅक म्हणजे सर्व्हरच्या आतला वेगळा छोटा संगणक. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो. या पिढीत कारखान्यातून येणारं नाव 'रूट' आणि पासवर्ड 'कॅल्विन' असतो, आणि तो जगाला माहीत आहे. पहिलं काम पासवर्ड बदलणं. दुसरं, फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं, कारण जुन्या आवृत्तीतली दूरची स्क्रीन जावावर चालते आणि आजचे ब्राउझर तिला उभं करत नाहीत. तिसरं, आयड्रॅक कधीही इंटरनेटवर उघडा ठेवू नका. घरातल्या नेटवर्कवरच राहू द्या. त्यातच सर्व्हर या क्षणी किती वॅट घेतोय तेही दिसतं.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा आणि सिस्टिम प्रोफाइल 'परफॉर्मन्स पर वॅट' ठेवा. बाकीच्या पर्यायांना हात लावायची गरज नाही.

रेड कार्डाबद्दल मात्र नीट वाचा. आपण डिस्कची व्यवस्था झेडएफएस या, अनेक डिस्क स्वतःच सांभाळणाऱ्या, फाइल सिस्टिमच्या हाती देणार आहोत. झेडएफएसला प्रत्येक डिस्क थेट दिसायला हवी. आर७२० मध्ये बहुतेक वेळा पर्क एच७१० मिनी असतं, आणि डेलच्या मूळ फर्मवेअरवर त्याला डिस्क थेट पुढे देता येत नाही. मग लोक एकेका डिस्कचं वेगळं रेड-० करतात आणि त्यावर झेडएफएस चढवतात. तसं करू नका. डिस्कची तब्येत सरळ वाचता येत नाही, आणि डिस्क बदलताना दर वेळी कार्डात नवं रेड-० बनवावं लागतं. एच३१० असेल तर त्यात 'नॉन-रेड' प्रकार आहे, तो चालतो, फक्त संथ. सर्वांत उत्तम म्हणजे आयटी मोडचं, म्हणजे डिस्क थेट पुढे देणारं, फर्मवेअर घातलेलं कार्ड. फर्मवेअर स्वतः बदलता येतं, पण एक पायरी चुकली तर कार्ड निकामी होतं. पहिल्यांदाच करत असाल तर तयार कार्ड विकत घ्या आणि विकणाऱ्याकडून ते आर७२० च्या मिनी स्लॉटचंच आहे याची खात्री करून घ्या.

डेलचं नसलेलं कार्ड पीसीआय स्लॉटात घातलं की सर्व्हर घाबरून पंखे जोरात फिरवतो. हे आयपीएमआयटूल वापरून एका आदेशाने थांबवता येतं. त्यानंतर तपमानावर आठवडाभर नजर ठेवा.

डिस्कची कसोटी

आम्ही ४ टीबीच्या सहा डिस्क घेतल्या, चार नव्या, दोन वापरलेल्या. नव्या डिस्कही एकाच दुकानातून, एकाच पेटीतून घेऊ नका. एका घाण्यातल्या डिस्क एकाच सुमाराला जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढा. साटा, म्हणजे घरगुती संगणकात असते तशी, डिस्क असेल तर तीन आकडे बघा: ५ क्रमांकाचा बदललेल्या सेक्टरांचा, १९७ क्रमांकाचा प्रलंबित सेक्टरांचा आणि १९८ क्रमांकाचा दुरुस्त न झालेल्यांचा. तिन्ही शून्य हवेत. सॅस डिस्कमध्ये 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट' बघा. किती तास चालली आहे तेही दिसतं. चाळीस हजार तास म्हणजे साडेचार वर्षं अखंड.

नंतर बॅडब्लॉक्स हे साधन लिहून-वाचून तपासण्याच्या पद्धतीत चालवा. ते डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चार वेगवेगळे नमुने लिहून परत वाचतं. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकाम्या डिस्कवरच. ४ टीबीला साधारण तीन दिवस लागतात, सहाही डिस्क एकदम चालवता येतात. संपल्यावर स्मार्टचे तेच तीन आकडे पुन्हा बघा. आमची एक वापरलेली डिस्क सुरुवातीला शून्य दाखवत होती, शेवटी ५६ दाखवू लागली. तीन दिवस फुकट गेले असं भावाला वाटलं. मला वाटलं एक लग्न वाचलं.

आता कागदी लेबलं घ्या. प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक तिच्या ट्रेच्या दर्शनी बाजूवर चिकटवा. डिस्क जाईल त्या दिवशी तुम्ही गडबडीत असाल, आणि चुकून चांगली डिस्क ओढून काढणं फार सोपं आहे.

प्रॉक्समॉक्स बसवणं

प्रॉक्समॉक्स व्हीई ही ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या कंपनीची मुक्त प्रणाली आहे. डेबियनवर उभी आहे, २००८ पासून चालू आहे. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवायची आणि ती ब्राउझरमधून हाताळायची, हे तिचं काम. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यानंतर परवान्यांची घडी बदलली आणि कितीतरी लोक इकडे आले, त्यामुळे अडलं तर विचारायला माणसं भरपूर आहेत.

प्रॉक्समॉक्सची आयएसओ फाइल उतरवून पेनड्राइव्हवर लिहा. आठपैकी दोन खाचांत लहान एसएसडी बसवा, इन्स्टॉलरमध्ये फाइल सिस्टिम 'झेडएफएस रेड१' निवडा आणि फक्त त्या दोनच डिस्कवर खूण ठेवा. एक एसएसडी गेली तरी यंत्र सुरू होतं. आयपी पत्ता स्थिर द्या आणि तोच पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. पंधरा मिनिटांत काम होतं. मग दुसऱ्या संगणकावरून त्या पत्त्यावर ८००६ पोर्टने आत जा.

पहिल्याच स्क्रीनवर सदस्यत्व नसल्याची सूचना येते. त्याने काही अडत नाही. रिपॉझिटरीच्या पानावर जाऊन 'एंटरप्राइझ' बंद करा, 'नो-सबस्क्रिप्शन' चालू करा आणि सगळं अद्ययावत करा. एकच यंत्र असेल तर हाय अव्हेलेबिलिटीच्या दोन सेवा बंद करून टाका, त्या एसएसडीवर उगाच लिहीत राहतात.

जुन्या प्रोसेसरबद्दल एक सावधगिरी. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघड झाले. त्यावरचे उपाय लिनक्समध्ये आहेत, ते बंद करू नका. पण इंटेल या पिढीसाठी आता नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) देत नाही, म्हणून या सर्व्हरवर अनोळखी माणसाला आभासी यंत्र भाड्याने देऊ नका.

साठवणीचा पूल

सहा डिस्कचा एकच पूल, म्हणजे एकत्र साठा, प्रकार 'रेडझेड२'. कोणत्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. रेडझेड१ मध्ये एक डिस्क जास्त हाती लागते, पण जुनी डिस्क गेल्यावर नवी भरून होईपर्यंत बाकीच्यांवर तासन्‌तास ताण येतो आणि दुसरी जाण्याची वेळ नेमकी तीच असते. माझं मत रेडझेड२ लाच.

प्रॉक्समॉक्सच्या 'डिस्क्स' पानावर झेडएफएस निवडा. ॲशिफ्ट १२, कॉम्प्रेशन एलझेड४. सहा चोक चोवीसपैकी आठ टीबी सुरक्षिततेला जातात, सोळा उरतात, आणि संगणक मोजतो त्या हिशेबात ते साडेचौदा दिसतात. त्यातलाही पाचवा हिस्सा रिकामा ठेवा, पूल काठोकाठ भरला की झेडएफएस रखडतं.

इथे एक लपलेला खड्डा आहे. आभासी डिस्कचा डेटा झेडएफएस ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांत लिहितं. ठोकळा ८ केबीचा असेल तर सहा डिस्कच्या रेडझेड२ वर त्याचे दोन तुकडे डेटाचे, दोन सुरक्षिततेचे आणि दोन निव्वळ भरणीचे होतात. म्हणजे ८ केबीला २४ केबी जागा. १६ केबीचा ठोकळा असेल तर चार तुकडे डेटाचे, दोन सुरक्षिततेचे, भरणी शून्य. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत मूळ आकडा १६ केबीच आहे, पण जुनी आवृत्ती असेल तर डिस्क बनवण्याआधी तपासा. नंतर तो बदलता येत नाही, डेटा नव्या डिस्कवर हलवावा लागतो.

नेक्स्टक्लाउड

लोक रोज जे वापरणार ते नेक्स्टक्लाउड. २०१६ च्या जूनमध्ये फ्रँक कार्लिचेक यांनी ओनक्लाउडमधून बाहेर पडून ते सुरू केलं. फाइली, फोनमधले फोटो आपोआप चढणं, कॅलेंडर, ग्राहकाला दुवा पाठवणं, सगळं त्यात आहे.

डेबियनचं एक आभासी यंत्र बनवा: चार कोअर, १६ जीबी मेमरी, प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट'. दोन डिस्क द्या, ६० जीबीची एसएसडीवर आणि १० टीबीची पुलावर. दुसरीवर 'डिस्कार्ड' खूण ठेवा, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा पुलाला परत मिळते. आत डॉकर, म्हणजे तयार बांधणीतली सॉफ्टवेअरं चालवणारं साधन, बसवा आणि नेक्स्टक्लाउड ऑल-इन-वन चालवा. डेटाबेस, रेडिस, सगळं ते स्वतः उभं करतं. डॉकर आभासी यंत्राऐवजी हलक्या कंटेनरमध्ये चालवायचा मोह होतो, पण प्रॉक्समॉक्सवाले स्वतःच आभासी यंत्र सुचवतात. त्यांचं ऐका.

डेटा कुठे राहणार ते पहिल्यांदा चालू करण्याआधीच ठरवून मोठ्या डिस्कचा मार्ग द्या. एकदा सुरू झाल्यावर तो बदलणं मोठं जिकिरीचं आहे. मग ८०८० पोर्टवर पान उघडतं, त्यावर एक लांबलचक सांकेतिक वाक्य येतं. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

आत गेल्यावर प्रत्येक माणसाला वेगळं खातं, सगळ्यांना द्विस्तरीय पडताळणी, आणि कामाचे फोल्डर 'टीम फोल्डर' म्हणून बनवा. वैयक्तिक फोल्डर वाटून घेतले, तर माणूस नोकरी सोडतो आणि त्याच्या खात्याबरोबर फोल्डरही जातं.

बाहेरून पोहोचायचं कसं

आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला की समजा, पोर्ट उघडून उपयोग नाही.

स्टुडिओतल्या माणसांसाठी आम्ही टेलस्केल हे खासगी नेटवर्क जोडणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या पद्धतीवर चालतं आणि सीजीनॅट असलं तरी चालतं. प्रत्येकाच्या फोनवर आणि लॅपटॉपवर ॲप टाकलं की झालं. त्याच्या 'सर्व्ह' सोयीने वैध प्रमाणपत्रासह पत्ता मिळतो, तो नेक्स्टक्लाउडच्या ११००० पोर्टकडे वळवायचा. तसं करताना ऑल-इन-वनला 'पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आत पोहोचवणारा मधला) आहे' हे सुरुवातीलाच सांगावं लागतं आणि डोमेनची तपासणी वगळावी लागते.

ग्राहकाला ॲप टाकायला सांगता येत नाही. त्यासाठी क्लाउडफ्लेअर या कंपनीचा बोगदा, म्हणजे पोर्ट न उघडता बाहेरून आत येणारी वाट, वापरता येतो, पण फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठं काही वर चढत नाही. ग्राहक फक्त उतरवून घेतो, त्यामुळे अडत नाही. दुव्याला पासवर्ड आणि महिन्याची मुदत घाला. लग्नाचे फोटो लोकांच्या घरातली गोष्ट आहे, तो दुवा कायमचा उघडा राहता कामा नये.

बॅकअप, आणि तो परत आणणं

रेडझेड२ हा बॅकअप नाही. चुकून पुसलेलं फोल्डर सहाही डिस्कवरून एकदम पुसलं जातं. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, आहेत: तासाचे चोवीस, दिवसाचे तीस ठेवा. आणि आग, चोरी, पूर यांसाठी दुसरीकडे ठेवलेली प्रत हवी. आमच्याकडे दोन मोठ्या यूएसबी डिस्क आहेत. एक सर्व्हरला, दुसरी आमच्या आत्याच्या घरी कराडला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. दोन्हींवर एन्क्रिप्शन, किल्ली कागदावर, बँकेच्या लॉकरमध्ये.

सुरुवातीला प्रॉक्समॉक्सचाच रात्रीचा बॅकअप लावला होता. सहा आठवडे रोज सकाळी हिरवी खूण येत होती. मग एका रविवारी मी ठरवलं, आज परत आणून बघू. वेगळ्या क्रमांकाने आभासी यंत्र परत उभं केलं. ते सुरू झालं, लॉगिनचं पान आलं, आत गेलो तर एकही फोटो नाही. मोठी डिस्क जोडताना तिच्या पर्यायांत 'बॅकअप' नावाची छोटी खूण असते. ती माझ्याकडून निघालेली होती. सहा आठवडे फक्त ६० जीबीची डिस्क जपली जात होती, आणि प्रणालीच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं. मी भावाला हाक मारली आणि दोघंही बराच वेळ त्या रिकाम्या पानाकडे बघत बसलो.

म्हणून तुम्ही आजच हे करा. आभासी यंत्राच्या हार्डवेअर पानावर जाऊन प्रत्येक डिस्कची ती खूण बघा. बॅकअपची नोंद उघडून त्यात किती जीबी गेले तो आकडा वाचा, हिरव्या खुणेवर थांबू नका. यूएसबी डिस्कची जागा प्रॉक्समॉक्समध्ये नोंदवताना 'हा माउंट पॉइंट आहे' असं स्पष्ट सांगा. नाहीतर डिस्क जोडलेली नसतानाही बॅकअप चालतो, तो सरळ सर्व्हरच्या एसएसडीवर उतरतो आणि ती भरून यंत्र ठप्प होतं.

परत आणून बघताना केवळ यंत्र सुरू झालं एवढ्यावर समाधान मानू नका. जुन्यातलं एक लग्न निवडा, त्यातली एक रॉ फाइल आणि एक व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत बघा.

डिस्क गेली तर

झेडएफएसला ईमेल पाठवायला सांगून ठेवा. डेबियन दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब चालवतं, म्हणजे प्रत्येक ठोकळा वाचून तपासतं. पहिल्या रविवारची बॅकअप डिस्कची अदलाबदल त्याला आडवी येत नाही.

'डिग्रेडेड' असा संदेश आला तर घाबरू नका, यंत्र बंदही करू नका. झेडपूल स्टेटस चालवा, गेलेल्या डिस्कचा अनुक्रमांक वाचा, ट्रेवरच्या चार अंकांशी मोठ्याने वाचून जुळवा. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला वाचायला लावा. आधी ताजा बॅकअप झाला आहे का बघा, मगच ट्रे ओढा. नवी डिस्क आधी तपासून कपाटात तयार ठेवलेली असावी. ती सरकवा, झेडपूल रिप्लेस द्या आणि भरून होईपर्यंत मोठी कामं थांबवा. आमची पहिली डिस्क गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर, ऐन मोसमात गेली. नवी भरायला नऊ तास लागले आणि त्या दिवशी स्टुडिओत अल्बमचं काम चालूच राहिलं.

मोठी कामं आम्ही चातुर्मासात ठेवतो. मुहूर्त नसतात, स्टुडिओ निवांत असतो. आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात झाकण उघडून धूळ काढायची, यूपीएसची वायर खेचून यंत्र शिस्तीत बंद होतं का बघायचं, प्रॉक्समॉक्सची नवी आवृत्ती चढवायची, आणि कराडहून डिस्क आणून एक अख्खं लग्न परत उतरवून बघायचं. यंदा भावाने २०२१ मधलं एक निवडलं आहे.